यवतमाळ जिल्हा पाहू या: आर्णीचा दर्गा, कळंबचा जुना सरकार आणि टिपेश्वरचे वाघ

सुट्ट्या लागल्या की आपल्या घरांत फिरायला जायच्या गोष्टी सुरू होतात. कोणी ताजबागचं नाव काढतं, कोणी खुलताबादचं, हातात पैसा असेल तर अजमेरचं. यवतमाळ जिल्ह्यात राहणारे किंवा इथे नातेवाईक असलेले लोकही म्हणतात, "आपल्या जिल्ह्यात पाहण्यासारखं आहे तरी काय?" आणि मग नागपूरची बस धरतात.

आम्हाला हे खटकतं. आपल्या मुलांना यवतमाळचं नाव माहीत आहे ते दोनच गोष्टींमुळे. एक म्हणजे कापूस, आणि दुसरी म्हणजे शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या. या जिल्ह्यात वाघ आहेत, धबधबा आहे, मुघल काळातलं एक मोठं ठाणं आहे, सगळ्या जातीधर्मांचे लोक जिथे येतात असा दर्गा आहे, हे घरात कोणी सांगत नाही. जी जागा आपण पाहिलीच नाही ती आपली वाटत नाही. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. बायका-मुलं आणि म्हातारी माणसं सोबत घेऊन निघणाऱ्या कुटुंबांना उपयोगी पडेल अशा बेताने ती मांडली आहे.

जिल्ह्याची ओळख

यवतमाळ जिल्हा विदर्भाच्या दक्षिणेला, अमरावती विभागात येतो. क्षेत्रफळ सुमारे 13,582 चौरस किलोमीटर आणि तालुके 16. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 27 लाख 72 हजारांच्या आसपास होती. उत्तर आणि पूर्वेकडून वर्धा नदी वाहते, दक्षिणेकडून पैनगंगा. या दोन नद्याच बऱ्याच ठिकाणी जिल्ह्याची हद्द आहेत. मधे डोंगर, सागवानाचं जंगल आणि कापसाची काळी जमीन.

नावाची गोष्ट मुलांना जरूर सांगा. गावाचं जुनं नाव यवत किंवा यवता. त्याला जोडलेला 'माळ' हा 'महाल' या शब्दाचा बदललेला उच्चार आहे, असं जुन्या गॅझेटियरमध्ये दिलेलं आहे. महाल म्हणजे परगणा, महसूल गोळा करायचा भाग. अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात वऱ्हाडच्या परगण्यांत 'योत लोहारा' हे नाव येतं. योत म्हणजे यवत, आणि लोहारा म्हणजे आज यवतमाळ शहराला लागून असलेलं लोहारा. एमआयडीसीत कामाला जाणारे हजारो लोक रोज ज्या गावातून जातात, त्या गावाचं नाव चारशे वर्षांपूर्वी फारसी किताबात लिहिलं गेलं होतं.

थोडा इतिहास डोक्यात असला की पुढची ठिकाणं नीट समजतात. वऱ्हाडावर आधी बहमनी सुलतान होते, मग 1490 पासून एलिचपूरची इमादशाही. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही संपवली, आणि 1596 मध्ये वऱ्हाड मुघलांकडे गेलं. 1724 नंतर निजाम-उल-मुल्क आणि त्याच्या वारसांचा अंमल आला, पण नागपूरचे भोसलेही इथून महसूल वसूल करत. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. इंग्रजांनी या भागाचा वेगळा जिल्हा केला, त्याला 'वून' म्हणजे वणी जिल्हा म्हणत. 1905 मध्ये त्याचं नाव यवतमाळ झालं.

कळंब: इथे एक सरकार होता

नागपूर किंवा वर्ध्याहून यवतमाळला येताना शहराच्या अलीकडे वीस-बावीस किलोमीटरवर कळंब लागतं. बस थांबते, चहा होतो आणि गाडी पुढे जाते. इथे खाली उतरून दहा मिनिटं थांबायला हरकत नाही.

मुघलांच्या वऱ्हाड सुभ्यात जे सरकार होते (सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग), त्यातला एक सरकार कळंब. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग कळंब आणि माहूर या दोन सरकारांत येत होता. 'आईन-ए-अकबरी'मध्ये कळंबची नोंद जुनं आणि महत्त्वाचं शहर म्हणून आहे, आणि इथल्या म्हशी नावाजलेल्या असल्याचंही तिथे लिहिलं आहे. बादशाही कागदात म्हशींची तारीफ, हे ऐकून आमच्या सोबतची मुलं खूप हसली, पण कळंबचं नाव त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

आज कळंब ओळखलं जातं ते श्री चिंतामणी गणपतीच्या मंदिरामुळे. विदर्भातल्या अष्टविनायकांमध्ये याची गणना होते. मंदिर जमिनीच्या पातळीपेक्षा बरंच खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, समोर कुंड आहे. चतुर्थीला आणि माघ महिन्यातल्या यात्रेला इथे फार गर्दी असते.

आपल्या काही वाचकांना प्रश्न पडतो की मंदिराच्या ठिकाणी आपण जावं का. पूजेत भाग घेणं वेगळं आणि एखादी जुनी इमारत पाहणं, शेजाऱ्यांची श्रद्धास्थानं कोणती हे मुलांना समजावणं वेगळं. ज्यांना आत जायचं नाही त्यांनी बाहेरून पाहावं. जे आत जातील त्यांनी तिथले नियम विचारून घ्यावेत, चपला बाहेर काढाव्यात, फोटोला मनाई असेल तर काढू नयेत. आपल्या मशिदीत आणि दर्ग्यात आलेल्या पाहुण्याकडून आपण जी अदब अपेक्षित धरतो, तीच आपण पाळावी.

यवतमाळ शहर: शकुंतला आणि लोहारा

शहरात मोठी ऐतिहासिक इमारत शोधत फिराल तर निराश व्हाल. पण दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली शकुंतला रेल्वे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही सुमारे 113 किलोमीटरची नॅरोगेज लाईन 1903 मध्ये सुरू झाली. दारव्हा आणि कारंजामार्गे जाणारी ही गाडी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे आणि तिथून विलायतेला नेण्यासाठी उभारली होती. स्वातंत्र्यानंतर देशातली रेल्वे सरकारी झाली, पण ही लाईन खासगी मालकीचीच राहिली आणि मध्य रेल्वे ती चालवत असे. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत हिच्यावर धावलं. त्यानंतर डिझेल इंजिन आलं.

गाडी आता बंद आहे. पण दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर या बाजूला ज्यांचे सोयरे आहेत, त्यांच्या घरातल्या नानी-दादींना विचारा. लग्नाचं बिऱ्हाड शकुंतलेतून नेलेलं, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढलेले पोरं, असे किस्से त्यांच्याकडे भरपूर मिळतील. मुलांनी ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवावेत. ही माणसं गेली की तो इतिहास कुठल्याच किताबात सापडणार नाही.

दुसरी गोष्ट लोहाऱ्याचं जुनं कमलेश्वर मंदिर. हे हेमाडपंती बांधणीचं आहे. दगडावर दगड बसवून केलेलं काम पाहायचं असेल तर शहराच्या अगदी जवळ हे एक ठिकाण आहे.

आर्णी: बाबा कंबलपोश

यवतमाळहून नांदेडच्या रस्त्याने सुमारे 40 किलोमीटरवर, अरुणावती नदीच्या काठी आर्णी आहे. इथला हजरत बाबा कंबलपोश यांचा दर्गा जिल्ह्यातल्या दर्ग्यांमध्ये सगळ्यात जास्त प्रसिद्ध म्हणावा लागेल. 'कंबलपोश' म्हणजे कांबळं पांघरणारा. सुफी मंडळींमध्ये लोकरीचं जाडंभरडं वस्त्र हे फकिरीचं लक्षण मानलं जातं. अरबीत 'सूफ' म्हणजे लोकर, आणि 'सुफी' हा शब्द त्यावरूनच आल्याचं बरेच विद्वान मानतात. बाबांचं नाव त्याच रीतीतलं.

उर्साच्या दिवसांत आर्णीत मोठी यात्रा भरते. संदल निघतो, चादर चढते, कव्वाली होते, पाळणे आणि खेळण्यांची दुकानं लागतात. या यात्रेला येणाऱ्यांत हिंदू, बंजारा, आदिवासी असे सगळेच असतात. कोणी नवस बोललेला असतो, कोणी नुसता जत्रेला आलेला. आर्णीच्या आसपासच्या गावांत उर्साच्या दिवसांत पाहुण्यांची उठबस असते, आणि ती फक्त मुसलमानांच्या घरांत नसते. सध्या ज्या प्रकारचे व्हिडिओ आपल्या आणि शेजाऱ्यांच्या मोबाईलवर फिरत असतात, ते पाहून मुलांच्या मनात जे काही बसतं, त्याला आर्णीच्या उर्सात घालवलेली एक संध्याकाळ चांगलं उत्तर आहे.

दर्ग्यावर जाण्याबाबत आपल्यात वेगवेगळी मतं आहेत. काही घरं चादर आणि मन्नत मानतात, काही फक्त फातिहा पढून कबरस्तानाची आठवण करून परत येतात, काही जातच नाहीत. या वादात आम्ही पडत नाही. जाणाऱ्यांसाठी काही साध्या गोष्टी:

- उर्साची तारीख निघण्याआधी आर्णीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करून पक्की करा. उर्सात रस्ता जाम असतो, गाडी गावाबाहेर लावावी लागते.
- शांतपणे जियारत करायची असेल तर उर्स सोडून एखादा साधा दिवस निवडा. सकाळची वेळ चांगली.
- मजारीजवळ बायकांनी कुठपर्यंत जायचं याचे नियम प्रत्येक दर्ग्यात वेगळे असतात. आधी विचारलं तर म्हाताऱ्या बाईला दारातून परत यावं लागत नाही.
- पैशांसाठी मागे लागणारे लोक मोठ्या यात्रांत असतात. द्यायचं असेल तर पेटीत टाका, हातात नको.
- लहान मुलांच्या खिशात आई-वडिलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

नदीपलीकडे: माहूर

माहूर यवतमाळ जिल्ह्यात नाही, नांदेड जिल्ह्यात आहे. पण धनोड्याजवळ पैनगंगेचा पूल ओलांडला की पलीकडे माहूरचाच भाग. आर्णीहून तासाभराचा रस्ता. आधी सांगितल्याप्रमाणे यवतमाळचा बराच मुलूख माहूर सरकारात होता, म्हणून ते सोडून चालणार नाही.

माहूर देशभर ओळखलं जातं ते रेणुकामातेमुळे. साडेतीन शक्तिपीठांतलं हे एक पीठ. दत्तशिखर आणि अनसूया मातेचं शिखरही इथेच आहे. नवरात्रात आणि दत्त जयंतीला लाखोंची गर्दी असते. त्या दिवसांत नुसतं फिरायला जाणाऱ्यांनी बेत पुढे ढकलावा.

इतिहासाची आवड असेल तर माहूरचा किल्ला पाहा. गोंड, बहमनी, निजामशाही, मुघल अशा अनेक सत्ता त्याने पाहिल्या. 1623 मध्ये शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळाला तेव्हा तो माहूरवरून गेला, आणि जड सामान व हत्ती त्याने इथेच सोडले. ताजमहाल बांधणारा माणूस एकेकाळी पराभूत होऊन या रस्त्याने गेला होता, हे किल्ल्यावर उभं राहून सांगितलं तर मुलं कान देऊन ऐकतात. याच माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन ही स्त्री मुघल फौजेत सरदार होती. 1661 मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडीत पकडलं त्या मोहिमेत ती होती. मुघलांकडून लढणारी हिंदू देशमुखीण आणि दोन्ही बाजूंच्या फौजांत दोन्ही धर्मांची माणसं, असा तो काळ होता. शाळेच्या पुस्तकापेक्षा तो जास्त गुंतागुंतीचा होता.

माहूरजवळ डोंगरावर सोनापीर बाबांचा दर्गा आहे. याच तालुक्यात शेख फरीद वझरा नावाचं ठिकाण आहे, दर्गा आणि त्याच्याजवळ पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. एक खुलासा करून ठेवतो. बाबा फरीद गंजशकर यांची मजार पाकिस्तानात पाकपट्टणला आहे. वर्धा जिल्ह्यातलं गिरड असो की वझरा, बाबांच्या नावाची अशी ठिकाणं लोकांच्या श्रद्धेने जोडलेली आहेत. मुलांनी विचारलं तर हा फरक नीट सांगावा.

उमरखेड आणि सहस्रकुंड

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला उमरखेड तालुका. उमरखेड हे आपल्या समाजाची चांगली वस्ती असलेलं शहर, त्यामुळे नमाज आणि जेवणाची चिंता नाही. इथून ढाणकी, बिटरगावकडे गेलं की पैनगंगा अभयारण्य लागतं. 1996 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे 325 चौरस किलोमीटरचं आहे. पैनगंगा नदी त्याला तीन बाजूंनी वळसा घालते. सागाचं दाट जंगल, अस्वलं, बिबटे, हरणं.

याच नदीवर सहस्रकुंड धबधबा आहे. एका काठाला यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या काठाला नांदेड. काळ्या कठीण खडकावरून नदी अनेक धारांनी खाली पडते, आणि खडकात पाण्याने असंख्य कुंडं कोरली आहेत, म्हणून सहस्रकुंड. यवतमाळकडून मुरली गावाच्या बाजूने जाता येतं. नांदेडकडून इस्लापूरमार्गे रस्ता आहे. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनही आहे.

जुलै ते ऑक्टोबर हा पाहायचा काळ. उन्हाळ्यात गेलात तर फक्त खडक दिसतील.

इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत. अशा ठिकाणी दरवर्षी पावसाळ्यात माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यात तरुण पोरं जास्त असतात. पैनगंगेवर वरच्या बाजूला ईसापूरसारखं मोठं धरण आहे. वर पाऊस झाला किंवा पाणी सोडलं तर खाली आकाश निरभ्र असतानाही नदी अचानक चढते. शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. रीलसाठी धारेजवळ जाणाऱ्या मुलाला घरातल्या मोठ्याने तिथल्या तिथे हात धरून मागे ओढावं, लाज वाटून घेऊ नये. एका क्लिपसाठी जनाजा उठू नये.

पुसद

पुसद ही मोठी बाजारपेठ. या एका तालुक्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात मुख्यमंत्री होते, तर त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक 1991 ते 1993 पर्यंत. पुसदचं आणखी एक नाव आहे ते जंगल सत्याग्रहाचं. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली इथे राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला गेला. गुरांच्या चाऱ्यासाठी गरिबांनी जंगलात जायचं की नाही, हा तो प्रश्न होता. हे लक्षात ठेवून पुढचं ठिकाण पाहू, कारण जंगल कोणाचं हा प्रश्न तिथे अजून मिटलेला नाही.

पांढरकवडा आणि टिपेश्वर

नागपूर–हैदराबाद महामार्गावर पांढरकवडा. तिथून जवळच टिपेश्वर अभयारण्य. क्षेत्रफळ 148.63 चौरस किलोमीटर. म्हणजे ताडोबाच्या मानाने लहान. पण अलीकडच्या वर्षांत वाघ दिसण्यासाठी याचं नाव झालं आहे. वाघाशिवाय बिबट्या, अस्वल, चितळ, सांबर, नीलगाय आणि भरपूर पक्षी आहेत. सुन्ना आणि माथनी ही माहितीतली प्रवेशद्वारं.

टिपेश्वरच्या एका वाघाची गोष्ट जगभर गाजली. 2019 च्या जूनमध्ये गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ इथून निघाला. शेतं, रस्ते, नद्या ओलांडत, तेलंगणातही जाऊन, काही महिन्यांत 1,300 किलोमीटरहून जास्त चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याला स्वतःचा मुलूख आणि जोडीदार हवा होता. लहान जंगलात वाघ वाढले की असं होतं.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2016 ते 2018 या काळात पांढरकवडा–राळेगाव भागात वाघाच्या हल्ल्यात 13 जणांचा जीव गेला. अवनी किंवा टी-1 म्हणून ओळखल्या गेलेल्या वाघिणीला त्यासाठी जबाबदार धरलं गेलं आणि नोव्हेंबर 2018 मध्ये ती मारली गेली. त्यावर देशभर वाद झाला. शहरातले लोक वाघिणीसाठी रडले. गावातले लोक कापूस वेचायला जायला घाबरत होते. आपण जीपमधून फोटो काढतो, त्याच जंगलाच्या कडेला कोलाम आणि गोंड आदिवासी, शेतमजूर, गुराखी राहतात. त्यांना जंगलात रोज जावं लागतं. गाईडकडून वाघाचं नाव विचारता तसं त्याच्या गावाचीही चौकशी करा.

सफारीसाठी काही सूचना:

- बुकिंग वन विभागाच्या ऑनलाइन पद्धतीने आधी करा. साप्ताहिक सुट्टीचा दिवस आणि गेटच्या वेळा तिथेच पाहून घ्या. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं.
- ओळखपत्राचा मूळ कागद सोबत हवा. बुकिंगवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच असू द्या. आपल्याकडे शेख, सय्यद, खान पुढे-मागे होऊन घोळ होतो.
- मार्च ते मे वाघ दिसण्याची शक्यता जास्त, पण पारा 44–45 पर्यंत जातो. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.
- जंगलात गाडीतून खाली उतरता येत नाही. हे नमाजीच्या हिशोबात धरा.

हिवाळ्यात इथे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. दुपारची सफारी घेतली तर असरची वेळ जवळजवळ पूर्ण जंगलातच जाते, आणि बाहेर येईपर्यंत मगरिब होते. सकाळची सफारी घेतली तर फजर मुक्कामावर वेळेत पढून निघता येतं, आणि जोहरच्या आत परत येता येतं. आम्ही सकाळचीच सफारी सुचवतो.

वणी

वर्धा नदीच्या बाजूला वणी, कोळशाच्या खाणींचं गाव. जिल्ह्याचं जुनं नाव हिच्यावरूनच होतं. बापूजी अणे यांचा जन्म 1880 मध्ये इथला. रंगनाथ स्वामींची यात्रा आणि तिच्यातला बैलबाजार प्रसिद्ध आहे. वणीजवळ कायर इथे गरम पाण्याचे झरे आहेत. मुद्दाम लांबून येण्याइतकं नाही, पण वणी-चंद्रपूरकडे जाणं होत असेल तर वाटेत थांबा.

सफरीतली नमाज

हनफी मसलकाप्रमाणे साधारण 77–78 किलोमीटर किंवा त्याहून दूर जायच्या इराद्याने गाव सोडलं, आणि 15 दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल, तर माणूस मुसाफिर ठरतो. मग जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तसेच राहतात. मुकीम इमामामागे पढलात तर पूर्ण चार. नागपूरहून यवतमाळ सुमारे 150 किलोमीटर आहे, म्हणून नागपूरकर इथे मुसाफिर. यवतमाळहून नुसतं आर्णीला जाऊन येणारा मात्र नाही. इतर मसलकात तपशील वेगळे आहेत. आपल्या इमामसाहेबांना निघण्याआधी विचारून घ्या.

किबला या भागातून जवळजवळ थेट पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला. यवतमाळ, आर्णी, दिग्रस, दारव्हा, नेर, पुसद, उमरखेड, पांढरकवडा या सगळ्या गावांत मशिदी आहेत. बायकांसाठी वेगळी सोय सगळीकडे मिळेलच असं नाही, म्हणून गाडीत जानमाज आणि पाण्याचा कॅन असू द्या. उघड्यावर नमाज पढायची झाली तर कोणाच्या शेतात, देवस्थानाच्या आवारात किंवा रस्त्याच्या मधे नको. पेट्रोल पंप किंवा धाब्यावर मालकाला विचारून कोपरा मागा. विचारलं की लोक बहुतेक जागा देतात.

कसं जायचं, कुठे जेवायचं

तुळजापूर–नांदेड–यवतमाळ–वर्धा–बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग 361 या सफरीचा कणा आहे. उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब ही सगळी गावं याच एका रस्त्यावर आहेत. पांढरकवड्यासाठी नागपूरहून महामार्ग 44. रेल्वेने यायचं तर मुंबई–हावडा मार्गावरचं धामणगाव जवळ पडतं, किंवा वर्धा. वर्धा–यवतमाळ–नांदेड ही नवी ब्रॉडगेज लाईन होत आहे. तिचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. एसटी सगळीकडे जाते, पण जंगलाच्या बाजूला स्वतःची किंवा भाड्याची गाडीच बरी.

हलाल जेवण मोठ्या गावांत मुस्लिम मोहल्ल्याजवळ सहज मिळतं. जंगलाच्या बाजूला आणि महामार्गावरच्या धाब्यांवर शंका असेल तर शाकाहारी घ्या. ज्वारीची भाकर, झुणका, वांग्याची भाजी आणि ठेचा. वऱ्हाडात येऊन हे खाल्लं नाही तर सफर अर्धीच. आणि कोणाच्या घरी दालचा-खाना असेल तर अर्थातच तो आधी.

दोन दिवसांचा बेत

*पावसाळ्यानंतर (सप्टेंबर–ऑक्टोबर):* पहिल्या दिवशी सकाळी कळंब, दुपारी यवतमाळ, संध्याकाळी आर्णीला जियारत आणि मुक्काम आर्णी किंवा पुसदला. दुसऱ्या दिवशी सकाळी माहूरचा किल्ला आणि सोनापीर, मग उमरखेडमार्गे सहस्रकुंड. अंधार पडायच्या आत धबधब्यावरून निघा.

*हिवाळ्यात (नोव्हेंबर–फेब्रुवारी):* पहिल्या दिवशी कळंब, यवतमाळ, आर्णी, आणि संध्याकाळपर्यंत पांढरकवडा. दुसऱ्या दिवशी सकाळची टिपेश्वर सफारी, जोहर पांढरकवड्याला, मग परत.

रमजानमध्ये हा बेत करू नका, आणि मे महिन्यात तर मुळीच नको.

शेवटी

परतीच्या वाटेवर आमच्या गाडीतल्या एका लहान मुलीने विचारलं, "कळंबला पूर्वी आपलेच लोक राहायचे का?" तिच्या अब्बांनी उत्तर दिलं, "तेव्हाही सगळेच राहायचे, आत्ताही सगळेच राहतात." आम्हाला त्यात भर घालण्यासारखं काही सुचलं नाही.

या सुट्टीत दूरचा बेत जमत नसेल तर कळंब-आर्णीपासून सुरुवात करा. तुमच्या गावाजवळचा एखादा जुना दर्गा, मशीद, बारव किंवा किल्ला आमच्याकडून राहिला असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या वेळी त्याची माहिती घेऊ. अल्लाह सगळ्यांची सफर सलामतीची करो.